आजचा दिवस कोणी ठरवला?

२०२५च्या दिवाळीत देशाच्या मोठ्या भागानं लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला उरकलं आणि महाराष्ट्रानं ते २१ला केलं. अमावास्या २०ला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ला संध्याकाळी सहाला पाच-सहा मिनिटं असताना संपली. म्हणजे अमावास्येची रात्र २०ची. २१ला मुंबईत सूर्य मावळायच्या आतच प्रतिपदा लागलेली होती. तरीही दाते पंचांगानं आणि कालनिर्णयनं २१ तारीख धरली. राज्य शासनाची सुटी २१ची. शेअर बाजारातला मुहूर्ताचा सौदाही २१लाच, तोही भर दुपारी. दिल्ली-इंदूरकडच्या नातेवाइकांच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच येऊन थडकल्या आणि फराळाच्या ताटावर वाद सुरू झाला: चुकलं कोण?

चुकलं कोणीच नव्हतं. अमावास्या कधी लागते आणि कधी संपते, याबद्दल दोन्हीकडचं गणित जुळत होतं. दोन दिवसांत वाटली गेलेली अमावास्या पूजेसाठी कोणत्या दिवशी धरायची, याबद्दल धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एकापेक्षा जास्त वचनं आहेत. उत्तरेतल्या पंडितांनी एक वचन प्रमाण मानलं, आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी दुसरं.

भिंतीवरच्या कॅलेंडरमधली दिवसाची चौकट बोटभर असते. तिच्यात तिथी, नक्षत्र, सूर्योदय, संकष्टीचा चंद्रोदय, कोणाची तरी जयंती, कोणाची पुण्यतिथी आणि एखादा ‘दिन’ एवढं सगळं दाटीवाटीनं बसलेलं असतं. शाळेच्या फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, रेडिओवर आणि आता सकाळच्या मोबाइल संदेशांत त्यालाच ‘दिनविशेष’ म्हणतात. वाचणारा तो चहाबरोबर वाचतो आणि चहाबरोबरच विसरतो. पण त्या चौकटीतला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणीतरी, कधीतरी, भांडून ठरवलेला आहे. या लेखासाठी मी त्या भांडणांच्या मागे गेलो.

तुपाची शाई आणि चार अंश

छापखाना येण्यापूर्वी तिथी गावच्या जोशाच्या तोंडून कळायची. पाडव्याला तो वर्षफळ वाचायचा. एकादशी कधी, अमावास्या कधी, हे त्याला विचारून ठरायचं. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. छापील धर्मपुस्तकाला हात लावायला तेव्हा लोक कचरत, कारण शाईत जनावराची चरबी असते अशी शंका. गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई तयार केली आणि पंचांग ब्राह्मणांच्या घरात शिरलं. तिथी जोशाच्या तोंडातून कागदावर आली ती अशी.

कागदावर आल्यावर तिची चूकही सगळ्यांना दिसू लागली. महाराष्ट्रातली पंचांगं तोवर ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं तो १५२०च्या सुमारास रचला. किचकट त्रिकोणमिती टाळून ग्रहगणित सोपं करणारा हा ग्रंथ इतका सोयीचा होता, की तीनशे वर्षं कोणाला दुसरा लागला नाही. पण तेवढ्या काळात लहान लहान फरक साठत गेले. पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात. पुण्याचे गणिती केरूनाना छत्रे यांनी युरोपीय वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६०मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघालं. डेक्कन कॉलेजात टिळक केरूनानांचे विद्यार्थी. राजकारणाच्या धबडग्यातही टिळकांनी पंचांग-सुधारणेचा नाद सोडला नाही. मुंबई, पुणे आणि सांगली इथं परिषदा झाल्या.

वादाचा मुद्दा होता राशिचक्राच्या आरंभबिंदूचा. एका पक्षानं रेवती नक्षत्रातला एक मंद तारा धरला, दुसऱ्यानं चित्रा. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, म्हणजे संक्रांतींत चार दिवसांचं अंतर. अधिक महिना संक्रांतीवरून ठरत असल्यानं काही वर्षी एका पंचांगात अधिक महिना एक, तर दुसऱ्यात दुसरा. म्हणून रेवती धरणारं टिळक पंचांग मानणाऱ्या काही घरांत अधूनमधून गणपती शेजाऱ्यापेक्षा महिनाभर आधी येतात. त्या घरांच्या श्रद्धेत वेगळं काही नसतं. एकोणिसाव्या शतकातले ते चार अंश तेवढे त्यांच्या देवघरापर्यंत पोचलेले असतात.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं एका सुतात आणायचा प्रयत्न झाला. १९५२मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. देशभर सुमारे तीस प्रकारची पंचांगं चालतात, असं तिला आढळलं. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे मराठी सदस्य होते. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात क्षय तिथी नाही, अधिक महिना नाही, वर्ष ठरलेल्या दिवशी सुरू होतं. लीप वर्षी तेवढं २१ मार्चला. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ती टिकली. घरात तिला कोणी जागा दिली नाही.

घरात जागा मिळवली ती जयंतराव साळगावकरांनी. मालवणहून आलेल्या या माणसानं १९७३मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं. पंचांग वाचायला जोशी लागायचा. कालनिर्णय वाचायला भिंत आणि खिळा पुरला. पुढे तारखा, मागे वाचनाचा मजकूर. चौकटीत उरलेल्या जागेत गृहिणींनी दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहायला सुरुवात केली. साहा समितीचं काम शास्त्रशुद्ध होतं यात शंका नाही, पण लोकांनी खिळ्याला अडकवलं ते दुसरंच.

पानिपत संक्रांतीला झालं का?

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. १४ जानेवारी म्हटलं की आपल्याला संक्रांत आठवते. ‘पानिपतावर मराठ्यांची संक्रांत’ असे मथळे दरवर्षी छापून येतात आणि त्या दिवशी संक्रांत होती असं छातीठोकपणे सांगणारे संदेश फिरतात.

गणित वेगळं सांगतं. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भात मोजली जाते आणि इंग्रजी वर्ष ऋतूंच्या संदर्भात. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं साठत साठत एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत एक दिवस होतो. त्यामुळे संक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा. तारीख १२ जानेवारी १८६३. आज १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन असतो आणि संक्रांत १४ किंवा १५ला येते. हाच हिशोब मागे नेला, तर १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. सदाशिवरावभाऊ शेवटच्या लढाईला बाहेर पडले, तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते.

लढाईची तारीख खरी, तिथी खरी, वार खरा. आजची संक्रांत मागे ढकलून तिथं चिकटवली, एवढंच खोटं. दिनविशेषातल्या चुका बहुतेक अशाच असतात. साफ बनावट फार थोडं आढळतं. दोन खऱ्या गोष्टी चुकीच्या जागी जोडलेल्या मात्र पुष्कळ.

एकाच दिवसाच्या दोन तारखा

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तर शंभर वर्षांचा. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी चालत होती. इंग्रजी साल १६२७. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये उजेडात आणली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार असा नोंदलेला. वयात जवळजवळ तीन वर्षांचा फरक! १९६६मध्ये शासनानं इतिहासकारांची समिती नेमली, तरी वाद मिटला नाही. पुढे शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथी मानणारे आजही फाल्गुन वद्य तृतीयेला उत्सव करतात.

जुन्या नोंदीतला वार हा फार मोलाचा साक्षीदार. तिथी सांगितली, शक सांगितला आणि वारही सांगितला, तर गणितानं तिन्ही जुळतात का ते पडताळता येतं. १९ फेब्रुवारी १६३० हा शुक्रवारच येतो, पण केव्हा? तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीनं धरली तर. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीनं तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो.

हा घोळ त्या काळच्या माणसांनाही रोजचा होता. पोर्तुगालनं नवी पद्धत १५८२मध्येच घेतली होती. इंग्लंडनं ती घेतली १७५२मध्ये, तेव्हा तिथं २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून आणि गोव्यातला पोर्तुगीज लेखनिक एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तर दोन पत्रांवर दहा दिवसांच्या अंतरानं तारखा पडायच्या. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवारचा. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील तेव्हा रायगडावर हजर होता. त्याच्या हिशोबानं तो दिवस ६ जून १६७४, गोव्याच्या हिशोबानं १६ जून. आज आपण सगळं काही नव्या पद्धतीनं मोजतो आणि रायगडावर सोहळा मात्र इंग्रज वकिलाच्या जुन्या तारखेला, ६ जूनला करतो. पुन्हा तिथीप्रमाणे दुसरा. तारखा जुळवणाऱ्या जंत्र्या करण्यात मोडक, खरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्यातली वर्षं घातली. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानं शिक्षक. त्यांनी १८९६मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेलबरोबर इंग्रजीत भारतीय कालगणनेवरचा ग्रंथही केला. पंचेचाळिशीतच ते गेले. आज फोनवर क्षणात तारीख बदलून देणारी जी सोय आहे, तिच्या मुळाशी ही माणसं आहेत.

फळ्यावरचा दिनविशेष

दिनविशेष आज खऱ्या अर्थानं जिवंत आहे तो शाळेच्या परिपाठात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या आणि मग दिनविशेष. ही प्रतिज्ञा १९६२मध्ये पैडीमर्री सुब्बाराव यांनी मूळ तेलुगूत लिहिली, हा स्वतःच एक चांगला दिनविशेष आहे; रोज म्हणणाऱ्या कोट्यवधी मुलांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी सांगत होते, “आधी आम्ही पुस्तकात बघून लिहायचो. आता रात्री गटावर तयार यादी येते. ती तशीच फळ्यावर जाते.” अशा याद्यांतला नेहमीचा गोंधळ भाषेच्या दिवसांचा. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कारण १९१२मध्ये त्या दिवशी कुसुमाग्रजांचा जन्म झाला. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि मराठी राजभाषा दिनही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, म्हणून त्यात आणखी एका दिवसाची भर पडली. पण दरवर्षी २७ फेब्रुवारीला ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ देणारे फलक चौकाचौकांत लागतातच.

त्याच शाळेचं हजेरीपत्रक गुरुजींनी काढून दाखवलं. जुनं, फाटक्या कडांचं. त्यात एका पानावर मुलामागून मुलाची जन्मतारीख तीच: १ जून. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कार्यालयात निवृत्तीची यादी पाहा, मे महिन्याच्या अखेरीस एकदम गर्दी होते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप मुलाला घेऊन यायचा, तारीख माहीत नसायची, मास्तर वय अंदाजानं धरून १ जून लिहून टाकायचे. एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस शाळेच्या सोयीनं ठरला.

त्या बापाला मुलाचा जन्म आठवत नव्हता, असं मात्र नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात झाला, पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात झाला, कोयनेच्या भूकंपानंतर चौथ्या महिन्यात झाला, असं तो सांगायचा. पानशेत फुटल्याची तारीख १२ जुलै १९६१, कोयनेच्या भूकंपाची ११ डिसेंबर १९६७. म्हणजे थोडं विचारलं असतं, तर महिना नक्की निघाला असता. लातुरात अजून तसंच बोलतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या आत झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक मिरवणुकीहून येऊन झोपले होते. “ते भूकंपाच्या आधीचं,” “हे भूकंपानंतरचं,” हा तिथला शक आहे.

मृगाला सूर्याची तारीख, पावसाला स्वतःची

चौकटीतला सगळ्यात जुना मजकूर पावसाचा. मृगापासून स्वातीपर्यंतची सूर्यनक्षत्रं, एकेक तेरा-चौदा दिवसांचं. शेतकऱ्यांनी त्यांना स्वभाव दिले: पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. शिवाय प्रत्येक नक्षत्राला वाहन: कोल्हा, बेडूक, मोर, म्हैस, गाढव, हत्ती वगैरे नऊ. बेडूक, म्हैस, हत्ती आले की माणसं खूश. हे वाहन सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून, त्याला नवानं भागून, उरलेल्या बाकीवरून काढतात. ढगांशी त्या बाकीचा काही संबंध नाही.

नक्षत्रांच्या नावांमागे मात्र निरीक्षण आहे. पाऊस कधी जोर धरतो, कधी उघडीप देतो, पेरणी कधी साधते, याची ती पिढ्यान्पिढ्यांची नोंदवही. अडचण अशी, की संक्रांत सरकते तसा मृगही सरकतो. आज तो ७ किंवा ८ जूनला लागतो. शिवकाळात, आजच्या पद्धतीनं मोजलं तर, तो जूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच लागत होता. पाऊस ऋतूबरोबर चालतो, नक्षत्र ताऱ्यांबरोबर. त्यात पाऊसही आता बेभरवशाचा. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५मध्ये तो २६ मेलाच येऊन धडकला. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे मृग अधिक महिन्यात लागला आणि दिवाळीही नोव्हेंबरात गेली. पण अधिक महिन्यामुळे हललं ते सणाचं पान. पावसाचं वेळापत्रक त्यानं पुढे-मागे होत नाही.

निसर्गाचे काही दिवस असे आहेत, की त्यांना कोणताही वाद लागू नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं इथं वर्षातून दोनदा सूर्य भर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सावंतवाडीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत १५-१६ मेला, धुळ्यात त्यानंतर आठवडाभरानं. परतीच्या वाटेवर मुंबईत पुन्हा जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा ढग असतात. ‘शून्य सावली’चा हा दिवस बाटली उभी करून कोणालाही तपासता येतो. मुंबईपेक्षा नागपुरात सूर्य सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो. एकाच घड्याळाखाली राहून आपण ते विसरलो. मुंबईनं मात्र १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत सोडली नव्हती.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. २०२०मध्ये शासनानं तो ठरवला, आणि योगायोगानं तो थंडीचे पाहुणे पक्षी तळ्यांवर उतरण्याचाच काळ. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास राज्यफूल तामण जांभळं होऊन फुलतं. तेही सुरेख जुळलं आहे. कारवी मात्र सात-आठ वर्षं गप्प राहते आणि एखाद्या पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर निळा करते. तिचा दिनविशेष कुठल्याही कॅलेंडरात आधी छापता येत नाही.

वाचकांना विनंती

दिनविशेषाला क्षुल्लक समजू नये. एखादी तारीख समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत: ही तारीख कोणत्या पद्धतीची, मूळ नोंद कोणाची, आणि वार जुळतो का? एवढ्या तपासणीत निम्मे खोटे संदेश गळून पडतात. शिक्षकांनी तर मुलांनाच हे काम द्यावं. गटावरची यादी फळ्यावर उतरवण्यापेक्षा ती यादी तपासण्यात इतिहास जास्त कळेल.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. थोरांच्या जयंत्या छापायला प्रकाशक आहेत. आपल्या अंगणातल्या तारखा छापायला कोणी नाही. नव्या वर्षाचं कॅलेंडर टांगाल तेव्हा दुधाच्या हिशोबाशेजारी आणखी चार गोष्टी लिहा: पहिला वळीव कधी आला, आंब्याला मोहोर कधी लागला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, विहिरीला पाणी कुठवर होतं. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर त्याचा खरा जन्ममहिना विचारून तोही मागच्या कोऱ्या जागेत लिहा. आणि वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर रद्दीत घालू नका. दहा वर्षांची अशी दहा कॅलेंडरं एका घरात जमली, तर त्या गावाच्या पावसाबद्दल आणि झाडांबद्दल ती जे सांगतील, ते कोणत्याही छापील पंचांगात सापडणार नाही.